कोऱ्या नळीचा रंग

हेमांगीने नुसत्या पाण्याच्या नळीत तपासणीचं द्रावण थेंबाथेंबाने सोडलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं व्हायच्या आतच नळी गुलाबी झाली. तिने ती खिडकीशी धरली. मागे पांढरा कागद धरून पाहिला. गुलाबीच होती.

या नळीत तिचा रेणू नव्हता. काहीच नव्हतं.

शेजारच्या स्टँडमध्ये सातव्या रेणूच्या नळ्या होत्या, तशाच गुलाबी. दोन वर्षं ती हे रेणू बांधत होती. एका बाजूला सांधेदुखीचं जुनंच औषध, दुसऱ्या बाजूला नायट्रेटची शेपटी. औषधाने जठराचं अस्तर सोलवटतं; शेपटीतून नायट्रिक ऑक्साइड हळूहळू सुटलं, तर ते अस्तर सांभाळील. तो वायू हाती लागत नाही, पण पाण्यात त्याचं नायट्राइट होतं, आणि नायट्राइट भेटलं की द्रावण गुलाबी होतं. पहिले सहा रेणू कोरेच राहिले. सातवा पंधरवड्यापूर्वी रंगला, तेव्हा तिचे मार्गदर्शक प्रेमराज सर कॉलेजभर सांगत सुटले होते. परवा पुण्याच्या परिषदेत तिला तेच आकडे मांडायचे होते.

तुलनेसाठीची कोरी नळी रोज नव्याने करायची असते. तिने मात्र महिनाभर फ्रीजमधल्या जुन्या डिस्टिल्ड वॉटरच्या एकाच बाटलीवर भागवलं होतं. आज ती बाटली संपली, म्हणून रेणूंसाठी वापरते त्याच कॅनमधलं पाणी घेतलं.

“झुलालभाऊ!”

लॅब अटेंडंट झुलाल हात पुसत आला.

“डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये पाणी कुठलं आहे?”

“काय व्हयनं ताई? खराब शे का?”

“कुठलं आहे?”

“यंत्रनी कॉइल जळी गयी ना, अठरा दिन व्हई गयात. साहेब म्हने अर्ज द्या. इथलं बोअरनं पानी त खारं, काचवर डाग पडतस.” तो जरा अभिमानाने हसला. “मंग मी आमनी हेरनं आनं. एरंडोलथीन, मोटारसायकलवर बांधीसन. तुम्हनं काम अटकाले नको.”

“विहिरीचं? मला सांगायचं तरी, भाऊ!”

“सांगतू त तुम्ही लेतात का?”

तिने वही ओढली. सातव्या रेणूच्या आकड्यातून कोऱ्या नळीचा आकडा वजा केला. उरलं ते जवळजवळ शून्य. पुन्हा केलं. टेबलावर फोन थरथरला. प्रेमराज सर. तिने उचलला नाही.

ही नळी अजून कुणी पाहिलेली नव्हती. ती उठली, बेसिनपाशी गेली, नळी तिरकी केली. तिथेच हात थांबला. विहिरीच्या पाण्यात नायट्राइटच एवढं, तर नायट्रेट किती असेल?

“विहीर कुठे आहे तुमची?”

“केळीना मळामझार. खताले कधी कमी नई करं आम्ही. पानी त असं गोड, बठ्ठा तेच पेतस.”

“बठ्ठे म्हणजे घरात कोण कोण?”

“मी, मनी बायको, माय. आनि दिपमाला, मनी पोर, बाळंतपणले येल शे. पोऱ्या दोन महिनाना व्हई गया.”

“तिचं दूध पुरतं त्याला?”

“नई ना. डब्बानी पावडर पानीमा कालाईसन देतस. पन पानी आर्धं व्हस तवलगून उकाळतस, ताई. आम्हले बी समजस.”

उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं तसं ते दाट होत जातं. आणि तान्ह्या बाळाच्या अंगात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही.

“बाळ बरं आहे ना?”

“गुनी शे. रडस बी नई जास्त. ओठ जरा निळा दिखतस, त माय म्हनस, मामावर गया.” तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचा थांबला.

हेमांगीने नळी परत स्टँडमध्ये उभी केली.

“घरी फोन लावा. स्पीकरवर ठेवा.”

झुलालने फोन लावला. टेबलावर सरांचा फोन पुन्हा आला, वाजून वाजून बंद झाला. झुलालच्या हातातली रिंग चालूच होती. शेवटी पलीकडून भांड्यांचा आवाज आला, आणि दिपमाला घाईत म्हणाली,

“आबा, थांबा दोन मिनिट. पोऱ्याले भूक लागेल शे.”