करंगळीचा मुद्दा

आमच्या स्टुडिओत दोन माणसं अकरा वर्षं एकाच विषयावर भांडत होती आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नव्हता. कंटाळा मला आला होता, कारण मी त्याच खोलीत पडद्यामागे संगणकावर बसून त्यांचे फोटो दुरुस्त करते, आणि पडदा कापडाचा आहे.

एक माझा मोठा भाऊ. त्याला मी दादा म्हणते आणि गिऱ्हाइकंही दादाच म्हणतात. दुसरा त्याचा भागीदार, पावशेर. हे काही त्याचं खरं नाव नाही. अंगाने काडी, आणि सवय अशी की हातात येईल ती वस्तू आधी पार्सलच्या काट्यावर ठेवायची. नवी लेन्स आली, ठेव काट्यावर. बॅटरी आली, ठेव. एकदा माझा जेवणाचा डबासुद्धा ठेवला होता. दादानेच त्याला पावशेर म्हणायला सुरुवात केली आणि पुढे त्याच्या बायकोनेही तेच नाव उचललं.

वादाचा विषय म्हणजे कॅमेरा केवढा असावा. आमच्याकडे दोन जुने, आत आरसा असलेले मोठे कॅमेरे आहेत. दादाने ते इतकी वर्षं वापरलेत की त्यांचं काळं रबर त्याच्या बोटांपाशी झिजून गुळगुळीत झालंय. पावशेरला मिररलेस हवा होता. आतला आरसाच गेला तर एवढं जाड खोकं कशाला, हे त्याचं म्हणणं. "आरसा काढला म्हणून उजेड बारीक झाला का?" हे दादाचं ठरलेलं उत्तर. म्हणजे असं, की खोकं लहान झालं तरी चांगली लेन्स व्हायची तेवढी मोठी होतेच. मग पुढे बादली आणि मागे काडेपेटी, तोल जाणारच. पावशेर म्हणायचा, बादली लावतोस कशाला, लहान लेन्स लाव. लहान लेन्समधून उजेड कमी येतो. येऊ दे कमी, हल्लीच्या कॅमेऱ्यांना अंधारातही दिसतं. हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायचं. दोघेही हुशार, दोघांचंही निम्मं बरोबर, आणि ऐकून घ्यायला एकही तयार नाही.

खरं सांगायचं तर ते गप्प असले की मला काम सुचायचं नाही. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आधीच कमी का डोक्यावर बसले होते?

त्या शुक्रवारी वादाला चांगलं निमित्त मिळालं. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने आपल्या सव्वाचारशे कामगारांचे फोटो सांगितले होते. प्रत्येकाचा वेगळा, आपापल्या यंत्राशेजारी, कमरेपासून वर, उभ्या चौकटीत. काम सोमवारपासून तीन दिवस. त्यांनी दादालाच मागितलं होतं, कारण त्याच्यासमोर माणूस अवघडत नाही. तो समोरच्याला काहीतरी विचारतो, समोरचा उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि तेवढ्यात फोटो निघालेला असतो. पावशेरला हे जमत नाही. त्याच्यासमोर माणसं गुन्हा कबूल करायला बसल्यासारखी बसतात.

पावशेरने दुकानातून एक लहान मिररलेस वापरून बघायला आणला होता. आधी आमचा मोठा कॅमेरा काट्यावर ठेवला.

"एक किलो नऊशे दहा. लेन्ससकट." मग लहान ठेवला. "सहाशे साठ. दिवसाला दीडशे माणसं, दादा. तिसऱ्या दिवशी तुझा खांदा काय म्हणेल?"

"माझा खांदा तुझ्याशी बोलत नाही." दादाने लहान कॅमेरा डाव्या हाताने उचलून उलटसुलट केला. "बटणं बघ, तिळाएवढी. आणि ही पकड? तीन बोटं मावतात, करंगळी हवेत. माणसाला पाच बोटं असतात हे ह्या लोकांना कोणी सांगितलं नाही वाटतं."

"तू करंगळीने फोटो काढतोस?"

"करंगळीने धरतो. करंगळी सुटली की हात सुटला."

करंगळीचा मुद्दा नवा होता, म्हणजे गेल्या काही महिन्यांतला. त्याआधी दादाकडे उजेड होता, तोल होता, बॅटरी किती टिकते ते होतं, करंगळी नव्हती. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. मी आपली रागात होते.

राग वेगळाच होता. कारखान्याला नमुन्यादाखल दादाचे दहा उभे फोटो पाठवायचे होते आणि मी सकाळपासून ते शोधत होते. गेल्या महिन्यातले पाहिले, सगळे आडवे. त्याआधीचे, आडवे. भाषण करणारा माणूस आडवा, एकटी उभी असलेली मुलगी आडवी. इतकंच काय, एक बारा मजली इमारतही आडवी, वरचे चार मजले गायब. मागे जात जात आठ महिने गेले तेव्हा कुठे पहिला उभा फोटो सापडला. हे आठ महिने गिऱ्हाइकाला उभा फोटो हवा असला की मी आडव्याच्या दोन्ही बाजू कापून तो तयार करत होते. मला वाटायचं, वय झालं, आळस आला, बहीण आहेच निस्तरायला. मनातल्या मनात मी त्याला किती नावं ठेवली याची गणती नाही.

बाहेर पावशेर म्हणत होता, "वाद कशाला? दोन्हींनी एकेक उभा फोटो काढ. मोठा करून बघू, काय तो निकाल लागेल."

"कोणाचा काढू?"

"माझा काढ."

"तुझा उभा काढला काय नि आडवा काढला काय, तू नुसती रेघ."

मी पडदा सरकवला. "माझा काढ," मी म्हटलं. "आठ महिन्यांत एक उभा फोटो काढला नाहीस तू. बारा मजली इमारतसुद्धा आडवी! मी इथे कापून कापून थकले. कॅमेरा नुसता वळवायचा, त्याचाही कंटाळा आला का रे तुला?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता फाडकन उत्तर येईल. त्याऐवजी त्याने हळू आवाजात विचारलं, "आठ झाले?"

"मोजून आठ."

मी खिडकीपाशी स्टुलावर जाऊन बसले. दादाने लहान कॅमेरा घेतला आणि त्याचा पट्टा गळ्यात अडकवला. पट्टा नवशिक्यांनी लावायचा असतो असं तो आयुष्यभर सांगत आलाय. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, मग वळवून उभा केला. त्याचं कोपर बाहेर आलं. मला काही विचारलं नाही, हसवलं नाही. कपाळावर आठ्या घालून तो बटण शोधत होता. खटका वाजला नाही. पुन्हा दाबलं. मग कॅमेरा त्याच्या हातातून निघाला. झटका नाही, आवाज नाही. नुसता बोटांतून सरकला आणि त्याच्या छातीवर लोंबायला लागला. त्याला पकडायला उजवा हात गेला तोही उशिरा.

मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. अंगठा आणि पुढची दोन बोटं मिटली होती. अनामिका आणि करंगळी तशीच, अर्धवट वाकलेली. मला माझी जीभ छाटून टाकावीशी वाटली.

आधी बोलला पावशेर. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पकड चुकलीच आहे ह्याची. करंगळीला जागाच नाही. मी उगाच हट्ट धरला. बटणंही लहान आहेत, तू म्हणतोस ते खरं आहे. उद्या परत देऊन टाकतो." बोलता बोलता त्याने दादाच्या गळ्यातला कॅमेरा अलगद काढून घेतला आणि पाठ फिरवून पिशवीत भरायला लागला. "मोठाच बरा. मोठ्याने कामं होतायतच की."

दादाच्या चेहऱ्यावर क्षणभर जिंकल्याचं हसू आलं. ते आलं तसंच गेलं.

"अकरा वर्षांत तू मला एकदा बरोबर म्हणाला नाहीस," तो म्हणाला. "आज म्हणालास. इतकं वाईट दिसलं का रे?"

पावशेर पिशवीची चेन लावत होता. ती लागेना.

"भांड ना," दादा म्हणाला. "असा हो ला हो करू नकोस. आजारी माणसाला भेटायला आल्यासारखं बोलू नकोस माझ्याशी. भांड!"

"कशावर भांडू?" पावशेर वळून ओरडला. त्याचे डोळे भरले होते आणि तो भयंकर चिडला होता. "आठ महिने मला तीळ आणि बादली सांगतोस? तोल सांगतोस? मी घरी जाऊन रात्र रात्र मुद्दे काढायचो, उद्या ह्याला कसा गप्प करू म्हणून. गाढवा, एकदा म्हणायचं होतंस की हात चालत नाही!"

"चालतो."

"काय चालतो?"

दादा स्टुलावर बसला. मी उठले होते कधीच. "मोठा कॅमेरा चालतो," तो म्हणाला. "त्याची लेन्स जड. ती डाव्या तळहातावर बसते, उजवा नुसता नावाला. वळवला की मात्र सगळं वजन उजव्यावर येतं, म्हणून वळवत नाही. आणि हा तुझा लहान, हा तर उजव्यानेच धरायचा असतो." त्याने हात मांडीवर उताणा ठेवला. "ही दोन बोटं कळत नाहीत मला. शर्टाची बटणं तुझी वहिनी लावते," हे मला. "तिला शपथ घातलीय."

"डॉक्टरकडे गेलास?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"सोडा म्हणेल कॅमेरा. मला दुसरं काय येतं गं?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एरवी झटकला असता. हा माणूस बाराव्या वर्षी एका उधार कॅमेऱ्यावर फोटो काढायला शिकला आणि त्याच्यावर त्याने माझं शिक्षण केलं, आणि मी पडद्यामागे बसून त्याला आळशी म्हणत होते. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "थोडा आहेच," आणि माझं रडू हसण्यात गेलं.

पावशेर तोवर समोर उकिडवा बसला होता. त्याने दादाची करंगळी चिमटीत धरली. "हे कळतं?"

"नाही."

"हे?"

"नाही. जोरात दाब."

"जोरातच दाबतोय." त्याने हात सोडला नाही. "उद्या डॉक्टर. दहाची वेळ मिळते का ते तुझी ही बहीण बघेल. सोमवारी फोटो मी काढतो, तू शेजारी उभा राहून त्यांच्याशी बोल."

"तू काढणार? रडवशील माणसांना."

"म्हणून तर तू बोल म्हटलं. आणि लहान कॅमेऱ्याने काढणार. सांगून ठेवतो."

"चेहरे धुळीसारखे येतील त्या दिडकीच्या लेन्सने."

"येऊ देत. उंच बिल्डिंगी तरी पूर्ण येतील."

दादा हसला. मग हसणं थांबलं आणि त्याने खाली बघत विचारलं, "आणि डॉक्टर खरंच सोडा म्हणाला, तर?"

मी फोन हातात घेऊन उभी होते, नंबर फिरवायचा राहिला होता.

"तर सोडायचा," पावशेर म्हणाला. "हात मोठा की कॅमेरा?"

दादाने तोंड उघडलं. अकरा वर्षांची सवय. पुन्हा मिटलं. खिडकीबाहेर रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर ओढत होतं, ते पूर्ण वर जाईपर्यंत तो तिकडे बघत बसला. मग उजवा हात डाव्या हाताने उचलून त्याने पावशेरच्या खांद्यावर ठेवला.

"साडेनऊला ये," तो म्हणाला. "मी एकटा जाणार नाही."