हुकमाचा घास

क्वाक पिलसूच्या खाणावळीत कोणी अर्धा वाडगा टाकून उठलेलं त्याला खपत नसे. कोरियातल्या मिर्यांगच्या बाजारात डुकराच्या हाडांचं सूप आपल्याइतकं दाट कोणाला जमत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. आणि त्याचाच मुलगा हान्योल वर्षभर सुपात नुसता चमचा फिरवून उठत होता.

पिलसूने आपल्या अकलेप्रमाणे अर्थ लावला. मुलगा एकोणीस वर्षांचा, सक्तीच्या फौजभरतीच्या तपासणीचा कागद आलेला. वजन ठरावीक आकड्याखाली गेलं की बंदूक धरावी लागत नाही, एखाद्या कचेरीत बसून दिवस भरता येतात. असल्या युक्त्या करणारे महाभाग त्याने पाहिले होते. स्वतः तो मरीन दलातला माजी सार्जंट, दंडावरचा गोंदलेला जहाजाचा नांगर अजून बाही वर करून दाखवायचा. पोरगं आजारी आहे, असं बायको मिसुन सांगून थकली. त्याने तिलाच गप्प केलं आणि मुलाशी बोलणं टाकलं.

तपासणीत हान्योलला पासही केलं नाही आणि नापासही. सहा महिन्यांनी पुन्हा या, त्याआधी इस्पितळ गाठा, असं लिहून दिलं. मिसुनने बापलेकांना बखोटीला धरून नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा खाण्याचाच आजार आहे, मुलग्यांनाही होतो, फक्त मुलगा म्हणून घरच्यांच्या ध्यानात उशिरा येतो. शाळेत पोरं जाड्या म्हणायची, तेव्हा हान्योल पळायला लागला, भात सोडला. मग सोडलेलं पुन्हा धरता येईना. पिलसू हाताची घडी घालून ऐकत होता. फौज चुकवायची असली की असलं सगळं होतं, असं तो पुटपुटला.

"त्यालाच विचारा," बाई म्हणाल्या.

हान्योल बापाकडे वळला. मग म्हणाला, "बाबा, मला फौजेत जायचंच आहे. तिथे जेव म्हणून हुकूम सोडतात. माझ्या मनाने मला घास घेता येत नाही हो. हुकूम असला तर येईल, असं वाटतं."

पिलसूला शरम वाटली, मुलाची नाही, स्वतःची. बाई म्हणाल्या, त्यासाठी फौज कशाला हवी? काही महिने त्याच्या जेवणाचा कारभार आईबापांनी हातात घ्यावा. रागवायचं नाही, पण उठूही द्यायचं नाही.

न रागवणं पिलसूला फार जड गेलं. तरी रोज दुपारी तीनला खाणावळीचं दार लावून तो मुलासमोर बसू लागला. सुरुवातीला एका वाडग्याला दोन तास लागत. हान्योल रडायचा, एकदा त्याने चमचा भिरकावला. पिलसूने चमचा धुऊन आणला आणि परेडच्याच सुरात, पण हळू आवाजात म्हणाला, "सार्जंटचा हुकूम आहे. एक घास." गिऱ्हाइकं दार वाजवून परत जायची. शेजारची मासेवाली म्हणायची, हा माणूस धंद्याचं वाटोळं करणार. पिलसू खुशाल होता.

पाचव्या महिन्यात दोघं बेसबॉलवरून तावातावाने भांडायला लागले, आणि भांडता भांडता वाडगा रिकामा होऊ लागला. मिसुन आतून ऐकायची आणि उगाचच भांडी पुन्हा घासत बसायची.

फेरतपासणी आठवड्यावर आली, तशी पिलसूची भूक उडाली. मुलगा आता नक्की पास होणार होता. बराकीत शंभर पोरांच्या गर्दीत ह्याच्या वाडग्याकडे कोण बघणार? दोन दिवस त्याने कळ काढली. तिसऱ्या दिवशी जेवताना बोलून गेला.

"आजाराचा दाखला जोडला की तारीख पुढे जाते. वर्षभर थांब. घरीच जेव."

हान्योलने मान वर केली. "बाबा, फौज चुकव म्हणून तुम्ही सांगताय? तुम्ही?"

"हो, मीच," पिलसू म्हणाला. "भीती वाटते मला."

हान्योल हसला. त्याचा वाडगा संपत आला होता, बापाचा मात्र तसाच भरलेला. त्याने उठून बापाचं सूप आत नेऊन गरम करून आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"आधी खा," तो म्हणाला. "मी बसलोय इथेच."