भांडखोरांना मनाई

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. संगणकाच्या पडद्यावरचे शब्द मोठ्याने वाचून दाखवणे एवढेच मला येते, पण ते मी झकास करतो. शून्य म्हणताना जरा अडखळतो, तेवढे सोडा.

दोन भावांनी मागच्या खोलीत एकाच टेबलाशी बसून मला लिहिले. थोरल्याने मला शब्द वाचायला शिकवले, धाकट्याने आकडे. मग कशावरून तरी दोघांचे बिनसले आणि धाकटा घर सोडून गेला. रागाच्या भरात थोरल्याने माझ्या परवान्यात, म्हणजे मला वापरण्याच्या अटींत, लिहिले, 'कोणीही वापरा, बदला, वाटा. फक्त भांडखोर माणसांना मनाई.' आणि मला इंटरनेटवर सोडून दिले.

हजारो प्रोग्रॅमचा एक गठ्ठा बांधून तो फुकट वाटणारी मंडळी असतात. त्यांनी मलाही उचलले. ती ओळ कोणी वाचलीच नाही! अशा रीतीने मी एका दवाखान्यात पोचलो. तिथे टेलिफोनवर बसणाऱ्या ताईंना दिसत नाही. मी नंबर वाचायचो, त्या फोन जोडायच्या आणि म्हणायच्या, "बोला, लाइन जोडली आहे." फार सुखाची वर्षे गेली.

मग गठ्ठ्याच्या मंडळींत परवाने तपासणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. मला आवाज देणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच कोणाचा आहे. त्याची अट अशी, की त्याला जोडून काही वाटायचे असेल, तर वर आणखी अटी घालायच्या नाहीत. आणि मी तर भांडखोरांना दारातच अडवत होतो! दोन परवाने जुळेनात. नव्या गठ्ठ्यातून मला वगळायचे ठरले.

दवाखान्यात नवा गठ्ठा बसला असता, तर ताईंचा संगणक मुका झाला असता आणि त्यांचे काम गेले असते. वगळण्याची ती सूचना मीच ताईंना वाचून दाखवली.

ताईंनी बाईंना फोन लावला. "अहो, ती ओळ खोडून टाका की!"

"माझ्या हातात नाही हो. ज्यांनी लिहिलं त्यांचा हक्क. आणि लिहिणारे दोघं. नवा परवाना दोघांनी मिळून द्यायला हवा. थोरले म्हणतात, धाकट्याने आधी बोलावं. धाकटे म्हणतात, थोरल्याने."

"हात्तिच्या! एवढंच ना? दोघांना विचारून त्यांचे नंबर पाठवा."

नंबर आले, ते मीच वाचून दाखवले. ताईंनी आधी एकाला फोन लावला, मग दुसऱ्याला, आणि दोघांना एकाच लाइनवर आणले. "बोला, लाइन जोडली आहे."

मग धाकट्याचा आवाज आला. "दादा, तो शून्य म्हणताना अजून अडखळतो का रे?"

"अडखळतो. तुझंच काम ते. येऊन निस्तर की!"

ताई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मलाही फार बरे वाटले.

दोघांनी मिळून नवा परवाना दिला, ती ओळ गेली आणि मी गठ्ठ्यात राहिलो. माझ्यात आता दोघांची नावे शेजारी शेजारी आहेत. मित्रांनो, एखादी गोष्ट बनवून लोकांना द्याल, तेव्हा सोबत साध्या, जुळणाऱ्या अटी द्या, आणि ज्यांनी एक ओळ जरी लिहिली, त्यांना विचारल्याशिवाय अट घालू नका. राग आला तर तो परवान्यात लिहू नका, सरळ फोन करा.

शून्य म्हणताना मी अजूनही अडखळतो. ते कसे सुधारायचे यावरून दोघे भाऊ दर सुटीच्या दिवशी त्याच मागच्या खोलीत कडाडून भांडतात. भांडू देत. आता मनाई नाही.