पुरुष वॉर्डाची खुर्ची

आमच्या पुरुष वॉर्डाची चाकाची खुर्ची खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेली असे. सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. पेशंट एक्स-रेला जायचे ते वॉर्डबॉयच्या हातांवर, कण्हत, आणि खुर्ची मात्र उन्हात ऐटीत उभी. ही अक्कल आमच्या मोठ्या सिस्टरची. कुलपाची किल्ली त्यांच्या एप्रनच्या खिशात. अख्खं हॉस्पिटल त्यांना कुलूपबाई म्हणायचं, आणि मला वाटतं, त्यांना ते मनातून आवडायचंही.

या सगळ्याचं मूळ एक ढाल. ज्या वॉर्डातली एकही वस्तू वर्षभरात हरवणार नाही, त्याला मोठ्या साहेबांच्या हस्ते पत्र्याची ढाल मिळणार होती. कुठल्या रिकामटेकड्या डोक्यातून हे निघालं कोण जाणे. वस्तू हरवू नये म्हणून ती वापरायचीच नाही, असा शहाणपणा सगळ्या वॉर्डांनी काढला. नव्या चादरी कपाटात, पेशंट फाटक्या चादरींवर.

खालच्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे कुलूपबाईंच्या धाकट्या जाऊबाई. दोघी एका घरात राहतात आणि दूध दोन पातेल्यांत तापवतात. कामावर यायला निघतात तेव्हाही एक पुढे आणि एक मागे. थोरलीने खुर्चीला साखळी घातली हे कळताच धाकटीने आपल्या खुर्चीला दोन साखळ्या घातल्या.

अशात आमच्याकडे कंडक्टरकाका आले. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. आजारी बायकोला सावरताना स्वतःच पडले आणि खुबा मोडून घेतला. दोघांना एकाच गाडीतून आणलं. हे वर, त्या खाली. काकांचं ऑपरेशन चांगलं झालं. काकूंचं हृदय मात्र थकलं होतं, आणि त्यांच्या हातात फार वेळ नव्हता. काकांना ते सांगावं लागलं नाही.

"सिस्टर, तिला एकदा बघून येतो हो," ते दर राउंडला म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, उचलून नेऊ नका, बसवून न्या. लिफ्ट होती. खुर्ची होती.

मी कुलूपबाईंकडे गेले.

"आज यांच्यासाठी सोडली की उद्या सगळे हात पसरतील. आणि खाली गेलेली खुर्ची ती बया परत देईल?"

"अहो, त्यांची बायको जायला टेकलीये."

"मग धाकटीच्या वॉर्डाने पाठवावी. पेशंट तिची आहे ना?"

मी खाली गेले. जाऊबाईंनी नाक मुरडलं. "भेटायला कोण येणार? वरचा पेशंट. मग खुर्ची वरच्यांची. थोरलीला ढाल मिळावी म्हणून मी माझी चाकं झिजवू होय?"

दोघी नर्सिंग शिकलेल्या, दोघींनी आयुष्यभर माणसं मरताना पाहिलेली. आणि मेंदू हे असे, पत्र्याच्या तुकड्याएवढे. मला राग आलाच नाही. किळस आली.

दुपारी कुलूपबाई डबा खायला बसल्या. एप्रन खुंटीला होता. मी सरळ खिशात हात घातला. साखळी फरशीवर खळ्ळकन पडली तसे वॉर्डातले पेशंट उठून बसले. प्लास्टिक मी टराटरा फाडलं. इतकं सुख मला पगाराच्या दिवशीही होत नाही. काकांना बसवलं आणि लिफ्टने थेट खाली काकूंच्या कॉटपाशी नेलं.

काकूंनी डोळे उघडले, काकांकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "दाढी का नाही केलीत?"

काका हसले आणि रडायला लागले. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

थोड्या वेळाने दारात एक मुलगी आली. आईला खांद्याचा आधार देऊन आणत होती. आईचा पाय सुजून टम्म झालेला. "एक्स-रेला जायचंय. खुर्ची मिळेल का?"

माझ्याही तोंडात नकारच आला होता. अशा बायकांच्या हाताखाली काम केलं की दुसरं काय येणार? पण काकाच म्हणाले, "मला त्या शेजारच्या रिकाम्या कॉटवर घ्या, आणि ही त्यांना द्या."

"काका, परत नाही आली तर?"

"तर नाही आली. उभं आयुष्य बस भरण्यात गेलं माझं. 'आत जागा नाही' म्हणून ओरडणारे नेहमी बसलेलेच असायचे."

खुर्ची गेली. एक्स-रेहून लॅबला, लॅबहून आणखी कुठे. जिथे गेली तिथे लागतच होती, म्हणून परत आली नाही.

संध्याकाळी जाऊबाईंनी बायकांच्या वॉर्डात पुरुष पाहिला आणि आकाशपाताळ एक केलं. "आत्ताच्या आत्ता वर न्या यांना!"

"नेते की. तुमची खुर्ची सोडा."

त्यांनी आपल्या दोन साखळ्यांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. तेवढ्यात वरून फोन. कुलूपबाई किंचाळत होत्या, "खुर्चीचं नंतर बघते, आधी माझा पेशंट परत आणा!"

"खुर्ची लागेल, बाई. तुमच्या जाऊबाईंकडे मागता का?"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज. हॉस्पिटलचा नियम मोडला तरी चालेल, पण एकीने मागायचं नाही आणि दुसरीने द्यायचं नाही. वॉर्डातल्या मावशींनी दोन्ही कॉट एकमेकींना भिडवल्या आणि मध्ये उशी ठेवली.

काकू पहाटे गेल्या. हात काकांच्या हातात होता.

सकाळी कुलूपबाई तरातरा खाली आल्या. "खुर्ची कुठाय?" एवढंच त्यांना विचारायचं होतं, पण तोंड उघडायच्या आत काकांनी हात जोडले.

"बाई, तुम्ही खुर्ची दिलीत म्हणून रात्रभर तिच्यापाशी राहता आलं. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

मी गप्प राहिले. मुद्दामच. कुलूपबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काकांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. देणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्या सकाळी घेणंही जमलं नाही. मान खाली घालून त्या जिन्याने वर गेल्या.