निर्णय कुठे झाला

स्टेपलरची पिन वाकडी बसली होती, नेमकी तक्रार करणाऱ्या बाईच्या सहीत घुसलेली – दॉयना, यासी, रोमानिया. नेवेंका नखाने ती उचकटत राहिली. खालचा, कंपनीने भरायचा रकाना कोरा होता : माहिती जपून ठेवण्याचा निर्णय कोणत्या देशात झाला? जिथे झाला, तिथलं माहिती-संरक्षण कार्यालय चौकशी करणार. अकरा देशांतल्या गरोदर बायकांची माहिती गोळा करणारं त्यांचं ॲप, आणि प्रश्न एवढ्या एका ओळीचा.

"सायप्रस लिही आणि मोकळी हो, कंपनी कागदोपत्री तिथलीच," तिचा साहेब गोराज्द समोरून म्हणाला.

"तिथे आपलं आहे काय? दार आणि पाटी."

"कुंडीपण आहे अगं. त्या झाडाला विचारतील."

ती हसली, सवयीने. मग तक्रार वाचली. माझं मूल पोटातच गेलं, तशी नोंद मी ॲपमध्ये केली. तरी दर सोमवारी संदेश येतो, तुमचं बाळ आज एवढं झालं. आता ते रांगायला लागलंय.

रांगायला...

हीच खोली, गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, टेबलावर भाजलेल्या चेस्टनटांची पुडी. कुणीतरी विचारलं, ज्यांचं गेलं त्यांची माहिती पुसायची का? आणि एक आवाज म्हणाला, राहू दे, पुन्हा दिवस राहिले की परत येतातच त्या. गोराज्दचा असणार – पण तो तर गॅलरीत सिगारेट ओढत होता... चेस्टनटाचं साल नखात गेलं होतं, बोट चोखत कुणीतरी बोललं – मी. मी बोलले. तोंडात घास होता माझ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय निघाला.

निर्णय म्हणे. निर्णय म्हणजे लांब टेबल, टायवाली माणसं, असं धरून सोळा वर्षं वरच्यांना शिव्या घातल्या. वर कुणी हरामखोर नव्हताच.

"लिहिलंस?"

"मारिबोरला झाला तो. इथे, आपल्याच देशात."

"मग राजधानीतून, ल्युब्ल्यानाच्या माहिती-संरक्षण कार्यालयाचे साहेब उद्या दारात. विचारतील, कुणी केला." गोराज्दने मान वर केली नाही. "कशाला ओढवून घेतेस? तुझं नाव एका कागदावर नाही, वेडे."

खरंच नव्हतं. एरवी तिचा जीव भांड्यात पडला असता. पण सायप्रस लिहिलं, तर हे कधीच कुणाला कळणार नाही... आणि पकडलं जाण्याची नव्हे, न पकडलं जाण्याची भीती तिला हळूहळू वाटू लागली.