सटवाईचा पत्ता

चौकात हनुमानानं क्रूझरचा ब्रेक दाबला आणि मान न वळवता विचारलं, "आबा, डावीकडं म्युझियम, उजवीकडं बुद्धमंदिर. उजेड हाय तवर एकच व्हईल."

मागं चौसाळ्याकडच्या एका वाडीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. सहल फुकटची. निवडणूक जवळ आली की विजयसिंह आबांना बायाबापड्यांना जग दाखवायची उबळ येई. आबांचा आवाज असा, की ते चौसाळ्यात शिंकले तर बीडात कुणीतरी "सत्य हाय" म्हणावं.

"म्युझियम," छबुबाई म्हणाली.

का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. वाडीच्या ओढ्याकाठची सटवाई आबांनी ह्याच क्रूझरमधून नेली होती. मूर्ती लई जुनी, सरकारी काचेत सुखरूप राहील, खाली वाडीचं नाव लागेल, असं सांगून. छबुबाईनं नातीचं, संस्कृतीचं, जावळ त्याच सटवाईला बोललं होतं. देवीपुढं उतरेपर्यंत केसाला कात्री नाही. आता पोरीच्या डोक्यावर जटा झाल्या होत्या आणि अंगणवाडीत तिच्याशेजारी कुणी बसत नव्हतं. छबुबाईच्या पिशवीत कात्री, नारळ आणि शेंदराची पुडी होती.

"म्युझियम आज बंद हाय," आबा म्हणाले. मग मागं वळून पोरीकडं बघितलं. "अन् म्हातारे, हे सुगरणीचं घरटं घेऊन आत गेलीस तर पोरीलाच काचेत बसवतील."

बायका हसल्या. फुकट बसणाऱ्याला हसावं लागतं. पोरीची आई सुरेखाही हसली, आणि मग तिनं पोरीच्या डोक्यावर आपला पदर ओढला.

हनुमानानं गाडी उजवीकडं घेतली. घेता घेता डावीकडचं फाटक दिसलं. ते सताड उघडं होतं. शाळेची पोरं रांगेनं आत चालली होती. हनुमानानं गिअर बदलला. छबुबाई ते फाटक मागं पडेपर्यंत बघत राहिली.

बुद्धमंदिरात गारवा होता. संस्कृती मूर्तीपुढं मान वर करून उभी राहिली.

"आजी, ह्याचं बी जावळ काढलं न्हाई."

"दगड तो दगड," आबा म्हणाले. "हितंच काप अन् मोकळी हो."

भंतेजींनी हळू आवाजात सांगितलं, की इथं नवस फेडत नाहीत. आजींनी सावलीला बसावं, पाणी प्यावं. छबुबाईनं हात जोडले आणि ती बाहेर गाडीपाशी आली. हनुमान काच पुसत होता, मघाशीच पुसलेली.

"फाटक उघडं होतं, हनुमान."

"मावशे, मला नोकरी करायची हाय."

छबुबाई उभीच राहिली. त्यानं फडकं पिळलं, झटकलं, तरी ती उभीच. शेवटी तो काचेकडं बघत म्हणाला, "देवी घेऊन गेलतो, तवाबी त्या फाटकाकडं वळलो न्हाई. लई पुढं गेलतो. एका बंगल्याच्या बागंत उतरवली. तितं हौदाजवळ ठिवलीय, शोभेला."

परतीच्या वाटेवर आबांचा फोन वाजला. सूनबाई बीडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. किती दवाखाने, किती बाबा पालथे घातल्यावर हा नातू आला होता. आबांनी गाडी थांबवून पेढे घेतले, स्वतःच्या हातानं वाटले. चष्मा काढून डोळे पुसले. ते मात्र खरे पाणावले होते.

"छबुमावशी, पाचवी तूच पुजायची. माज्या लेकाची तूच पुजलीवती."

वाडीत पाचवी छबुबाईच पुजत आली होती. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते.

"येते की, आबा," छबुबाई म्हणाली. तिनं पेढा घेतला नव्हता. "पर बयाला आवतन ओढ्यावर जाऊन द्यावं लागतं. आता कुठं देऊ? बंगल्याचा पत्ता तेवढा सांगा."

गाडीत पेढा चघळणारी तोंडं थांबली.

"न्हाई सांगितला तरी येईल ती," छबुबाई शांतपणे म्हणाली. "हुडकत येईल. पर तशी आली म्हंजी चिडून येती. अन् चिडल्या हातानं काय लिवती, ते काय पुसता येत न्हाई."

आबांनी पेढ्यांचा पुडा मांडीवर ठेवला.  एरवी वाडीवर ऐकू जाणारा आवाज शेजारच्या सीटपर्यंतही नीट पोचला नाही.

"हनुमान, गाडी फिरव."

हनुमानानं गाडी कडेला घेतली. आरशातून मागच्या सगळ्या बायकांकडं एकवार बघितलं.

"कुठं घिऊ, आबा?"

मागं संस्कृती दोन्ही हातांनी डोकं खाजवत होती. तेवढाच आवाज होता.