कारण वाचायचं नाही

"थैली कुठी हाय वं?" लटारूने फाटकातूनच विचारलं.

"कुठी म्हंजे? चैतू घेऊन गेला ना हापिसात सकायीच," गिरजा म्हणाली. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. "सोमवार नाई का आज?"

लटारू मटकन ओट्यावर बसला. जंगलातल्या आपल्या बीटवर फिरता फिरता त्याने सहज खिसा चाचपला होता आणि खिसा रिकामा लागला होता. तिथून तो धापा टाकत घरी आला होता.

"अन् डाक्टरचा लिफाफा?" गिरजाचा हात फुलांतच थांबला.

"थैलीत."

"अवो बापा! हातात द्याचा होता ना तो बडेबाबूच्या! बह्याड झाले का जी तुमी?"

बह्याड कसला, बारा वर्षांचा नाकेदार तो. बारा वर्षं जंगलाची राखण केली, आणि बारा वर्षं एकच सवय हाताला लागली: सरकारी शिक्क्याचा कागद दिसला की थैलीत टाकायचा आणि दोरी आवळायची. काल संध्याकाळी अहवाल भरताना हाताने आपलं काम केलं आणि डोकं कुठे गेलं होतं ते देवाला ठाऊक.

आता या थैलीत एवढं काय, असं कोणी विचारील. तर जंगलखात्याच्या रेंज ऑफिसातली सोमवारची हजेरी म्हणजे अख्ख्या रेंजची करमणूक होती. निम्म्या नाकेदारांना वाचता येत नसे, म्हणून मोठे कारकून, बडेबाबू गुणवंतराव, थैल्या उघडून एकेक कागद पडवीत मोठ्याने वाचून दाखवत. कोणाच्या बीटवर झाड पडलं, कोणाला रजा हवी, कशासाठी हवी, सगळं. कोणाची बायको माहेरी गेली हेही तिथेच कळायचं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बाजाराला पाठ झालेलं असायचं.

लटारूच्या लिफाफ्यात जे होतं, ते गिरजाखेरीज कोणालाही माहीत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या पाठीवर चट्टा उठला. चिमटा काढला तरी समजत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली आणि आजाराचं नाव सांगितलं. महारोग. गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी एकदा, गुरुवारी यायचं, खंड पाडायचा नाही, चट्टा जाईल म्हणाले. तो गेलाही. ऑफिसात तो तापाचं सांगून सुटी घ्यायचा. पण जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, देशावरचा नवा रेंजर आला आणि त्याने हुकूम काढला, की आजाराच्या नावासह डॉक्टरचा दाखला असल्याशिवाय रजा नाही. डॉक्टर बिचारे सरळ माणूस. त्यांनी नाव लिहून दिलं.

पल्याडच्या गावात असाच एक जण होता. लोकांनी नाल्यापलीकडे त्याला झोपडी बांधून दिली आणि वरून उपकार केल्यासारखे वागले. लटारूची पोरगी सोमारी हिची सोयरीक नुकतीच जमली होती. नोकरी जाईल, सोयरीक मोडेल आणि आपल्यालाही कुठला तरी नाला दाखवतील, एवढं त्याला ओट्यावर बसल्या बसल्या दिसलं.

"बाजूच्या झिंगूले सांग, जंगलात कुठी धूर दिसला तर धावजो म्हना," तो उठत म्हणाला. "मी जाऊन राह्यलो."

"तीन कोस हाय जी! चैतू पोचलाही असंन."

"म्हनून का बसू?"

चैताचं ऊन, पायाखाली ऐन-सागाचा पाचोळा नुसता तडतडत होता. लटारू अर्धा पळाला, अर्धा चालला. वाटेत त्याने चैतूला, स्वतःच्या हाताला, नव्या रेंजरला आणि मुंबई राज्याला सारख्याच शिव्या घातल्या. मार्कंडदेवाला नवसही बोलला, पण नवसात काय द्यायचं ते त्याला सुचेना.

ऑफिस दिसलं तेव्हा पडवीतून हशा ऐकू आला. म्हणजे वाचन सुरू झालं होतं.

"पत्रू, दोन दिवस," गुणवंतराव वाचत होते. "कारन, बसायच्या जागी बेंड."

पडवी पुन्हा हसली. पत्रूही हसला, पण जरा उशिराने आणि खाली बघून. रेंजरसाहेब खुर्चीवर बसून आपली वही चाळत होते. आणि गुणवंतरावांच्या हातात आता लटारूचा लिफाफा होता.

लटारू पायरीशी उभा राहिला. बोलावं तर दहा माणसं बसलेली. न बोलावं तर मेलोच. त्याने नुसते हात जोडले. गुणवंतरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग कागद उघडला. दाखला इंग्रजीत होता. ते मनातल्या मनात वाचू लागले, आणि नेहमी एका दमात वाचणारा तो माणूस एवढ्याशा कागदावर फार वेळ थांबला.

"लटारू," ते शेवटी म्हणाले. "पंधरा दिवसातून एक दिवस. गुरवारी."

"अन् कारन काय जी बाबू?" पत्रूने विचारलं. त्याला आता दुसऱ्याचं ऐकायची घाई झाली होती.

गुणवंतरावांनी दाखल्याची घडी घातली आणि पुढचा कागद उचलला. "इसरू, एक दिवस. लच्छू, तीन दिवस."

"काऊन बाबू? कारन नाई वाचून राह्यले?"

"नाई. कोनाचंच नाई." गुणवंतरावांनी चष्मा काढला. "हे कागद सायबाले लिहिले हाय, तुमाले नाई. मानसाचं दुखनं म्हंजे काय तमाशा हाय? इतकी वर्षं मी वाचून दाखवलं, ते माहं चुकलं. पत्रू, तुहंही वाचायले नोतं पाह्यजे मी."

पत्रू कावराबावरा झाला. "जाऊ द्या ना जी," तो पुटपुटला आणि कान चोळत बसला. मग कोणी हसलं नाही.

रेंजरसाहेबांनी मान वर केली. "बाबू, तो दाखला घेऊन आत या. लटारू, तूही ये."

आत साहेबांनी दाखला वाचला आणि कागद टेबलावर ठेवून हात मागे घेतला. लटारूने ते पाहिलं.

"किती दिवसांपासून?"

"आठ महिने झाले जी."

"आणि तू सगळ्यांत मिसळतोस?"

"साहेब," गुणवंतराव मध्येच बोलले, "खालच्या दोन ओळी वाचा ना. दुसऱ्याले लागत नाई, काम करायले हरकत नाई, असं डाक्टरनं सहीशिक्क्यानं लिहून देल्लं हाय. आता डाक्टर खरे का आपन खरे?"

साहेबांनी त्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

"पण लोकांना कळलं तर?"

"हापिसात तिघालेच ठाऊक हाय. मी बोलनार नाई. हा तर बोलनारच नाई."

म्हणजे राहिलं कोण, हे साहेबांच्या ध्यानात आलं. तरुण होते, कानापर्यंत लाल झाले. त्यांनी दौत ओढली आणि अर्जावर 'मंजूर' लिहून सही केली.

"नाव मागायला नको होतं मी," ते लटारूकडे न बघता म्हणाले. "रजेची गरज आहे, एवढं डॉक्टरांनी लिहिलं तरी पुरे. बाबू, हुकूम तसा बदला." मग त्यांनी स्वतः दाखला लिफाफ्यात घातला, लाख वितळवली, शिक्का मारला आणि लिफाफा आपल्या पेटीत ठेवून किल्ली फिरवली.

लटारू बाहेर आला तेव्हा पडवी रिकामी झाली होती. तो पायरीवर बसला. आणि मग त्याला हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. गुरुवार त्याचा होता. सोमारीचं लग्न होणार होतं. संध्याकाळी घरी जाऊन गिरजाला हे सांगितल्यावर ती आधी शिव्या देणार आणि मग रडणार, हेही त्याला ठाऊक होतं.

गुणवंतराव येऊन शेजारी टेकले. चंची सोडून त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, निवांत मळली, थापटली. चिमूटभर आपल्या दाढेखाली ठेवली आणि उरलेल्या तंबाखूचा उघडा तळहात लटारूपुढे धरला.

आठ महिन्यांत लटारूने कोणाच्या हातावरची तंबाखू उचलली नव्हती. सोडली म्हणून सांगायचा. त्याने बाबूंच्या तोंडाकडे पाहिलं.

"घे ना बापा," गुणवंतराव म्हणाले, "हात भरून आला माहा."

लटारूने बोटं धोतराला पुसली आणि त्यांच्या तळहातावरून चिमूट उचलली.